वीस मिनिटांचा अंधार

मे महिना, ग्वाल्हेर, दुपारचे पावणेएक.
किल्ल्याचा दगड उन्हानं पांढुरका पडलाय,
लश्करच्या अंगानं लू येतेय,
आणि मी कांचनाच्या पानांना
चिमटे लावत बसलेय.

बारीकसा चिमटा, आत काळी झडप.
पानाचा चार आण्याएवढा तुकडा झाकायचा
आणि वीस मिनिटं थांबायचं.
उन्हात उभ्या पानाला
किती लागलं म्हणून विचारलं, तर ते सांगत नाही.
आधी अंधार द्यावा लागतो.

शेजारी स्टुलावर माधोराव शिंगाडे, आमचे लॅब अटेंडंट.
डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड,
मोतीबिंदू काढून आज सहावा दिवस.
रजा घ्या म्हटलं तर म्हणाले,
घरी टीव्ही आहे, ताई. त्याचा उजेड फार.

वीस मिनिटं काय करणार?
मी त्यांना सांगते:
पान उजेड खातं, हे शाळेत शिकलो,
उजेड पानाला खातो, हे कुणी शिकवलं नाही.
या वेळी जेवढं पानात वाढलं जातं
त्यातलं बरंचसं त्याला नकोच असतं,
आणि वाढपी तर हात आखडत नाही.
म्हणून कांचन दोन्ही दळं मिटून
कडेवर उभा राहतो उन्हासमोर.
आत हिरवे कण मधल्या चौकातून उठतात,
भिंतीला लागून रांग धरतात
पुढच्याच्या सावलीत मागचा.
मक्याच्या दाण्यात असतं ना, तसलंच एक पिवळं
तेवढ्यापुरतं तयार होतं
आणि जास्तीचा उजेड
नुसती ऊब करून सोडून देतं.
तरी एक प्रथिन मोडतंच.
ते काढायचं, नवं बसवायचं,
तासा-अर्ध्या तासानं पुन्हा तेच.

'दिवसभर?'
दिवसभर.
'आणि ही मजुरी कुठे मांडता?'
माझ्या प्रबंधात तो रकाना नाही.

मग ते बराच वेळ बोलत नाहीत.
मला कळतं, ते मार्चमध्ये आहेत.
तपासणीची कमिटी यायची होती,
हिरव्या जाळीखालच्या साठ कुंड्या
रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडल्या, शोभेला.
वरून हुकूम होता, हात माधोरावांचे.
पाणी पोटभर घातलं होतं.
कमिटीनं फोटो काढले, चहा घेतला.
संध्याकाळी पानांवर पांढरे चट्टे,
कुणी इस्त्री ठेवून विसरल्यासारखे.
जाळीत जन्म काढलेल्या पानांना
ते पिवळं पुरेसं जमवायला
कुणी चार दिवस दिले नव्हते.

स्टॉक रजिस्टरात 'तूटफूट' या सदराखाली
माधोरावांनी लिहिलं : एकेचाळीस.
ऑफिसनं विचारलं, कुंड्या तर शाबूत आहेत?
त्यांनी खोडलं नाही.

घड्याळ वाजतं. झडप सरकवते,
एक लखकन उजेड, आणि पडद्यावर आकडा :
पॉइंट सहा दोन.
धडधाकट पान पॉइंट आठच्या वर असतं.
'म्हणजे गेलं?'
नाही. उद्या पहाटे परत विचारू.

वहीत मी वेळ लिहिते, पान नंबर सतरा.
माधोराव झापडेचा कोपरा
बोटानं जरासा उचलतात,
आधी स्टुलाखालच्या सावलीत बघतात,
मग माझ्या चपलांकडे,
मग कुंडीच्या काठाकडे.
तेवढंच. झापड पुन्हा खाली.