पाच सेंटिमीटर

पहाटे पाचला येळ्ळूरच्या रस्त्यावर पळणारी पोरं
सातला माझ्या दुकानात शर्ट काढून उभी राहतात.
"मामा, मोजा की. किती भरूलाय?"
सत्त्याहत्तर.
"आता बघा," म्हणतात, आणि राजहंसगडावरचा सगळा वारा
एका घोटात आत ओढतात.
डोळे तांबडे, मानेच्या शिरा टरारलेल्या.
एक्क्याऐंशी.
"ब्याऐंशी पाहिजे, मामा. फुगवून पाच वाढली पाहिजे."

तीस वर्षं हा टेप गळ्यात आहे.
साठाचा आकडा झिजून गेलाय,
पण छातीवर टेकवला की खालचं कळतं.
पोर किती पळालंय, रात्री जेवलंय का,
घरात कोण काय बोललंय.

हुंदऱ्यांचा थोरला पहिल्या झटक्यात ब्याऐंशी भरला होता.
वेशीवर त्याचा बॅनर लागला, तो उन्हात पांढरा पडला,
तोवर चार वर्षं संपून तो घरी.
आता टिळकवाडीत एटीएमच्या दारात रात्र काढतो.
वरातीत फटाके लागले की
ताट सोडून उठतो, कुठं जातो कुणाला सांगत नाही.
रविवारी मी त्याला चहाला बोलावतो,
मशीनशेजारच्या स्टुलावर बसवतो.
पोरं विचारतात, बंदूक कसली होती?
तो सांगतो, पेन्शन नव्हती.

जाऊ नको, असं मी कुणाला म्हणत नाही.
म्हणायला तोंड कुठलं?
इकडच्या हपिसात गेलं तर कन्नड येतं का विचारतात,
तिकडं कोल्हापूरला गेलं तर रहिवासी दाखला.
फौज तेवढी
छातीच विचारते.

म्हणून मंगळवारी, शटर अर्धं ओढून,
कोटाच्या काळ्या कापडावर मार्किंगच्या खडूनं
कागुणित लिहितो.
मला अडलं की शिवक्का आतून येते. ती बैलहोंगलची,
तिच्या माहेरात माझी भाषा अजून पाहुणी आहे.
"अक्षर गोल काढ रे, भाकरी थापल्यासारखं," म्हणते.
पोरं लाजतात. पळताना लाजत नाहीत.
एकदा बाहेरून कोण तरी ओरडलं,
काय मास्तर, कुणाची भाषा शिकवूलास?
मी म्हटलं, पगाराची.

मोनेश उद्यमबागेत लेथवर लागला.
पगार म्हणशील तर बोलायला नको,
बोटांचा तेलाचा वास साबणानं जात नाही,
पण सातच्या बसनं तो घरी येतो.
लुमाण्णाचा नातू गेलाच.
त्याच्या पिशवीचा तुटलेला बंद मीच शिवून दिला,
दुहेरी टाका घालून, पैसे न घेता.
ती मदत झाली की काय झालं,
अजून ठरत नाही.

काल सोमनाथ आला. शर्ट काढला, उभा राहिला.
"मेळावा कधी?" मी विचारलं.
"मेळावा नाही मामा. सोमवारी नर्सिंगची मुलाखत आहे,
नवीन शर्ट शिवायचाय."
टेप लावला, तर सवयीनं
पोरानं वारा कोंडून धरलेला.
सोड, म्हटलं.
शर्टाचं माप सोडलेल्या श्वासावर घेतात.

त्याला वेळ लागला.
दुकानात दुसरं कुणी नव्हतं, मशीन बंद होतं,
मी टेप सैल धरून थांबलो.
शहात्तर.

वहीत मी शंभर लिहिलं.
हालायला सैल लागतं, आणि
वाढतं अंग आहे.