लाल रंगाचे साडेआठशे जादा

डार्सीच्या टेबलावर कॉफीचे तीन कागदी पेले,
वासिलचा अजून भरलेला.
बाहेर उणे एकतीस. काचेपलीकडे
विक्रीचे ट्रक वायरींनी भिंतीला जोडलेले,
दावणीला बांधलेल्या गुरांसारखे.

मला ट्रक हवाय, वासिल म्हणतो. नुसता ट्रक.
डार्सी मान डोलावतो
आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवतो.
तिथून पुढे दोन तास.

दोन दारं की चार?
चार, मी म्हणते.
मागे कोण बसणार आहे, वासिल विचारतो.
मागे किराणा बसतो, बेअरिंगची खोकी बसतात,
ईस्टरला चर्चमध्ये न्यायची टोपली,
आणि वर्षातून एकदा कॅल्गरीचा नातू,
ज्याचे गुडघे आता हनुवटीला लागतात.
मी यातलं काही बोलत नाही. डार्सी चार लिहितो.

मागचा हौदा साडेसहा फुटी की आठ?
आठ. आम्ही दोघं एकदम बोलतो
आणि एकमेकांकडे बघतो.
शेहेचाळीस वर्षांच्या संसारात
असे विषय दोन-चारच निघाले.

मग पॅकेजं.
हात शेकणारं स्टीअरिंग सुटं मिळत नाही.
त्यासोबत चामड्याच्या सीटा घ्याव्या लागतात,
आणि चामड्याच्या सीटांसोबत छताला काच.
छताला काच कशाला?
आकाश दिसतं, डार्सी म्हणतो, जरा ओशाळून.
वासिल खिडकीबाहेर बघतो,
जिथे योर्कटनपासून थेट जगाच्या काठापर्यंत
दुसरं काही दिसतच नाही.

गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात.
आम्ही गहूच पिकवतो. दर आम्हाला माहीत आहे.
पण त्याची बोटंही मला माहीत आहेत,
शेंड्यांना पांढरी पडलेली,
सकाळी शर्टाच्या बटणांसाठी माझ्याकडे येणारी.
घाल, मी म्हणते. काचेसकट घाल.

चढायला दोन्ही बाजूंना पायरी?
ती म्हाताऱ्यांना लागते, वासिल म्हणतो,
टेबलावर तळवे टेकतो, दोन दमांत उठतो
आणि संडास कुठे आहे ते विचारतो.
डार्सी माझ्याकडे बघतो. मी पडद्याकडे.
चौकोनात बरोबरची खूण पडते.
कुणी विचारलंच तर माझा गुडघा आहे.

तो परत येईतो रंग आला होता.
पांढरा, तो उभ्याउभ्याच म्हणाला. नेहमीचा.
पांढरा स्वस्त. पांढऱ्यावर धूळ दिसत नाही.
हा आमचा पाचवा असता.

लाल, मी म्हणाले.
साडेआठशे डॉलर जादा, डार्सीनं खालच्या आवाजात सांगितलं.
तुला लाल कधीपासून आवडायला लागला?
आवडतो.

मागच्या मार्चमध्ये धान्याच्या कोठारांमागे
त्याचा ट्रक चरात कलंडला
आणि फोन इथे ओट्यावर, चार्जरला.
पाऊण तास मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते.
वारा पडला तेव्हा कळलं
की सगळा वेळ मी त्याच्याकडेच बघत होते.
पांढऱ्यात पांढरा.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
त्या दिवशी फक्त बोर्श्ट पुन्हा गरम केलं.

प्रिंटर कुरकुरतो. सोळा आठवडे लागतील.
वासिल एकेका ओळीखाली बोट धरून वाचतो,
शाळेतल्या पोरासारखा.
पायरीच्या ओळीवर बोट थांबतं,
बराच वेळ थांबतं,
मग खाली सरकतं. सही करतो.
गार कॉफी एका घोटात संपवतो, पैसे भरल्यासारखी.

बाहेर मी जुन्या ट्रकची वायर काढून गुंडाळते.
तो तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होतो.
हीटर गावाबाहेर पडेपर्यंत नुसतं वारं फेकतो.
धान्याचा उंच मनोरा मागे गेला,
रेल्वेफाटक गेलं, कनोराचा फाटा आला,
आणि वासिल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला,
जूनमध्ये येईल तो.
तेव्हा बर्फ कुठे असणार, नेटी?

बर्फाचं मी काही बोललेच नव्हते.