तीन अक्षरी

धायरीच्या प्लॉटवरून वाजलं, त्याला आज पाच दिवस.
पेपर मात्र एकच येतो.
आडवे शब्द माझे, उभे ह्यांचे,
ही वाटणी लग्नाइतकी जुनी.

कुकर लावून मी पेन्सिल घेते.
पर्वती उतरून आले की हे पेन,
खोडायची सवय नाही.

मंगळवारी ह्यांनी 'जिवीत' लिहिलं.
दोन्ही वेलांट्या मी फिरवल्या,
बोलले काही नाही.
बुधवारी माझ्या 'उर्जा'तला उ
दीर्घ झालेला, निळ्या शाईत, ठसठशीत.

आज आडवा नऊ: रुसल्यावर धरतात तो.
अ लिहिला, ला लिहिला,
मधलं घर सोडलं.
तिथूनच खाली ह्यांचा उभा दहा:
'तोंड उघड', दोन अक्षरी.

दिवेलागणीपर्यंत घर रिकामंच.
खालची पिठाची गिरणी थांबली,
सिंहगड रोडचे हॉर्न तेवढे चालू.
मग गॅलरीतून, पेपराआडून,
"काय गं, बो ऱ्हस्व की दीर्घ?"

चौतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस!
म्हणजे ते 'जिवीत'सुद्धा…

"ओ कधी ऱ्हस्व असतो का हो?"
म्हटलं मी,
आणि बोलून बसले.