हिरवं बटन

तीन कंपन्या आल्या होत्या वर्धा रोडच्या हॉटेलात.
तिघांच्या तक्त्यात नुसत्या बरोबरच्या खुणा.
हजेरी, बरोबर. पगारपत्रक, बरोबर. रजा, बरोबर.
मी काजू खात होतो
आणि मान हलवत होतो.

जुनं ॲपही असंच घेतलं होतं, मीच,
सर्वांत स्वस्त म्हणून.
हिंगण्याच्या शेडमध्ये एकशे चाळीस माणसं
आणि त्यात कुसुम नंदनवार,
धुलाईवाली, सोड्यानं बोटांच्या रेषा गेलेली.
मशीन तिला रोज म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
ती पदराला बोट पुसायची. पुन्हा.
फुंकर मारायची. पुन्हा.
मागे रांग खोकायची,
आणि सातला सहा मिनिटं वर झाली की
फाटकात उभी असलेली बाई
गैरहजर व्हायची.

बहीण वारली तिची, उमरेडला.
तीन दिवस गेली, तीन दिवसांचा पगार गेला.
माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली,
"सायब, मी तं भरली होती रजा.
हिरवं बटन दाबलं नं."
पाहिलं. हिरवं बटन होतं जतन करण्याचं.
पाठवायचं बटन राखाडी, खाली,
अंगठ्याखाली झाकलं जाईल असं.
तिची रजा आत पडून होती,
कारणाच्या चौकटीत एकच शब्द: बाई.
बहिणीला ती बाई म्हणायची.
त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं होतं,
ॲपचा वापर ब्याण्णव टक्के.

म्हणून या खेपेला काजू सोडून उठलो.
तिन्ही फोन घेऊन फाटकावर गेलो,
मे महिना, दुपारी अडीच, पाळी सुटताना.
कुसुमबाईंच्या हाती दिले. म्हटलं,
उद्याची रजा टाका. मी काही बोलणार नाही.

पहिल्यात रजेचे अकरा प्रकार.
तिसऱ्यापर्यंत वाचून तिनं फोन परत केला.
दुसऱ्यात उन्हामुळे दिसलं फक्त
तिचं स्वतःचं तोंड.
तिनं केस नीट केले.
विक्रीवाला पोरगा मदतीला पुढे झाला,
मी त्याचं मनगट धरून ठेवलं.
तिसऱ्यात तिनं दाबलं, थांबली,
आणि शाळेत वाचतात तसं
एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं:
"तुमचा अर्ज हेडाऊ साहेबांकडे गेला."
मग माझ्याकडे बघून,
"म्हंजे तुमच्याकडंच नं?"

तिसरी वर्षाला अठरा हजारांनी महाग.
लेखा विभागाचे झाडे विचारतात, कारण काय,
फॉर्ममध्ये चौकट आहे, दोन ओळींची.
अजून कोरी आहे.
बोटांचंही ठरायचं आहे,
चेहरा घ्यावा की कार्ड, की साधी सही.

पण त्या दुपारी
चप्पल झटकत, डबा काखेत मारत
कुसुमबाई वळल्या:
"मंग उद्या मी येत नाई, बरं!"
विक्रीवाला हसला. म्हणाला, हा तर डेमो आहे.
मी म्हटलं, नका येऊ.
अर्ज आलाय माझ्याकडे.