एक मूठ निवडेपर्यंत

सावळजच्या अलीकडं पत्र्याची शेड,
आत आम्ही चौतीसजणी
आणि जाळ्यांवर पसरलेला बेदाणा,
गंधकाच्या धुरीचा वास अजून न सोडलेला.
काडी वेगळी, खडा वेगळा,
काळा पडलेला दाणा वेगळा.
बोटं आपली आपण करत राहतात हे सगळं.
तोंडं रिकामी, म्हणून भांडणं.

दर वाढवून मागायचं ठरलं
त्या दुपारी सगळ्याच एकदम बोलल्या.
शकिला मुलाणीचा आवाज मोठा,
म्हणून तिचं खरं होत गेलं.
सोनाबाईनं कोपऱ्यातून तीनदा तोंड उघडलं,
तीनदा मिटलं.
मी वही लिहीत होते
(बारावीत नापास झालेली, पण बारावीपर्यंत गेलेली मीच)
आणि वहीत नुसती शकिला उतरत होती.

गोदूमावशी उठली.
मावशी पुढारी वगैरे नाही.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात त्याची सुरुवात,
निवडते ती बोटांच्या भरवशावर.
तिनं प्रत्येकीपुढं एक मूठ बेदाणा ओतला,
न निवडलेला.
"एवढं निवडा. मग बोला.
निवडून झाल्यावर बी बोलावंसं वाटलं, तर."

पत्रा उन्हानं तडतडत होता.
रस्त्यानं क्रेटचा टेम्पो गेला,
त्याचा हॉर्न तासगावच्या बाजूला विरेपर्यंत ऐकू आला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला
चौतीसजणींच्या बांगड्या वेगवेगळ्या ऐकू आल्या.
काहींची मूठ संपली
आणि बोलायचं काही उरलंच नव्हतं.

सोनाबाईची मूठ संपली.
"दराचं बघू," ती म्हणाली,
"आधी संडासाला आतनं कडी पायजे.
माझी लेक आता कामाला येतीया."

कुणी कुणाकडं बघितलं नाही.
मग शकिलाच म्हणाली, हळू,
मी तिचा हळू आवाज तोवर ऐकलाच नव्हता:
"व्हय. कडी पयली."

रावसाहेब खराडे आले
मोबाइलवर हिशोब मांडूनच.
त्यांच्यापुढंही मावशीनं मूठ ओतली.
ते हसले. मग क्रेट उलटा करून बसले.
मालकाच्या मुठीला आमच्या पाच मुठींचा वेळ लागला,
तरी काड्या राहिल्या.
आम्ही हसलो नाही.
हसलो असतो तर आठ आणेही मिळाले नसते
असं शकिला म्हणते;
मला तसं वाटत नाही.

कडी त्याच संध्याकाळी बसली.
दर मागितला तीन रुपये किलोमागं,
वाढला आठ आणे.
कुणी म्हणालं जिंकलो, कुणी म्हणालं फसलो.
मावशीला विचारलं तर ती
चपलेचा तुटलेला अंगठा दाभणानं शिवत होती.
मी दोन्ही लिहून ठेवलं,
मध्ये रेघ न मारता.

पुढच्या हंगामाआधी मावशी मिरजेला गेली,
डोळ्याच्या ऑपरेशनला.
तिच्याशिवाय बैठक कशी घ्यायची, कुणी विचारलं नाही.
मुठी मात्र मांडल्या गेल्या,
तिच्या रिकाम्या जागेपुढंही एक.
कुणी ठेवली? सगळ्या म्हणतात, मी नाही.
ती शेजारच्या दोघींनी मिळून निवडली.
शकिलाची मूठ आता सगळ्यात उशिरा संपते.

मावशी परत आली, हिरवी पट्टी गेलेली,
काळा चष्मा कपाळावर सरकवून बसली जाळीपुढं.
आपणच निवडलेला ढीग
बराच वेळ बघत राहिली.
"एवढ्या काड्या ऱ्हात हुत्या व्हय गं माझ्याकडनं?
एवढी वर्सं?"

तिचा ढीग रोज सुट्टीनंतर
कोण कोण पुन्हा निवडायचं
हे माझ्या वहीत कुठंच नाही.

"मग बोलला का न्हाई कुणी?"

बांगड्या थांबल्या.
सोनाबाईनं मान वर न करता सांगितलं,
"आमची मूठ निवडून व्हायची हुती, मावशी."