मोगरी

माझ्याकडे खोल्या चार. तीन नंबरची त्यांची,
जुलैचे पहिले दोन आठवडे, सालाबादप्रमाणे.
बीतोमहून रात्रभर गाडी हाकत यायचे,
टपावर वारा अडवायचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड
आणि त्याचे खुंट. ते वाळूत ठोकायची मोगरी मात्र
पहिल्याच वर्षी झेनॉन माझ्या छपरीत ठेवून गेला.
"असू दे इथेच, गेर्त्रुदाबाई.
तिकडे खाणीत काय ठोकू हिनं?"

आमच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच.
बाल्टिक तसा घरबशा, आहे तिथे आहे.
येतात-जातात ती माणसं.

त्या पहिल्या वर्षी याग्ना काखेत, कोर्नेल पाचाचा.
पाण्यात पाऊल घातलं आणि त्यानं बोंब ठोकली
की कुणीतरी समुद्र फ्रिजमध्ये ठेवलाय.
बोझेना हसता हसता वाळूत बसली ती बसलीच.
पावात वाळू, दुधात वाळू,
रात्री दहापर्यंत उजेड, पोरं झोपतात कसली!
मी घडीची खाट टाकून दिली, करकरणारी,
भिंत आणि कपाट यांच्या मधे.
पुढे त्या खाटेवर पोरांची भांडणं,
मग एका वर्षी कोर्नेलचे पाय बाहेर आले,
भांडण मिटलं.

झेनॉनच्या पापण्यांच्या कडांना कोळसा,
काजळ घातल्यासारखा.
दोन आठवड्यांच्या समुद्रानंही तो निघायचा नाही.
खाण बंद झाली त्या वर्षी पापण्या स्वच्छ होत्या
आणि दारात उभा राहिला तेव्हा
क्षणभर मी विचारलं, कोण पाहिजे?

चौदाव्या वर्षी कोर्नेलनं टॉवेल टाकला
कापडाच्या कुंपणाबाहेर, वीस पावलांवर,
जणू ही माणसं कोण, कुठली, याला ठाऊकच नाही.
बोझेना ब्लूबेरीचा गोड पाव घेऊन निघाली
आणि त्या वीस पावलांत तीनदा थांबली.

त्याच्या पुढच्या, की त्याच्याही पुढच्या वर्षी
याग्नाच्या खाटेखाली चादरीचा बोळा सापडला.
गार पाण्यात मीठ टाकून भिजवली,
वाळवली, इस्त्री करून परत घातली.
संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली.
बोलली काहीच नाही,
माझ्या परातीतले मटार सोलू लागली.
निम्मे तोंडात.

मग कोर्नेल नॉर्वेत, मासे गोठवायच्या कारखान्यात.
याग्नाची परीक्षा, याग्नाची नोकरी, याग्नाचं 'बघू'.
गेल्या जुलैत दोघंच आली.
खाट काढू का, मी विचारलं.
बोझेना म्हणाली, राहू दे, पिशव्या ठेवायला होते.
किनाऱ्यावर कापड तेवढंच लांब लावलं,
आत वाराच जास्त.

तिसऱ्या दिवशी मोगरीचा दांडा मोडला.
बाजारात नवी मिळते, स्वस्तात, रबरी.
झेनॉननं ऐकलं नाही.
जुन्या वल्ह्याचा तुकडा शोधून आणला
आणि अख्खी दुपार पायरीवर तासत बसला,
खोकत, थांबत, भुसा फुंकत.
झाल्यावर हातात घेतली तर दांडा आखूड,
वीतभरही नसेल.
"अहो, हा कुणाच्या हाताचा?"
त्यानं मोगरी छपरीत खिळ्याला टांगली.
"होईल कुणाला तरी."

फेब्रुवारीत, बर्फ कुंपणाच्या वर असताना, फोन.
आवाज ओळखायला मला वेळ लागला;
बायकी, भारदस्त झालाय.
जुलैत तीन नंबर मोकळी आहे का?
आहे म्हटलं, तुमचीच आहे.
आणि ती घडीची खाट?
आहे. एक स्प्रिंग गेलीय.
"लगेच नको म्हणा," याग्ना म्हणाली,
"दोन-तीन वर्षांनी लागेल,"
आणि पुढे बोलेना.
मागे कुणीतरी खोकत होतं.

फोन ठेवून मी छपरीत गेले, कशाला कोण जाणे.
मोगरी खाली काढली, धूळ पुसली.
माझ्या हाताला आखूडच.
परत टांगताना खिळा
दोन वीत खाली ठोकला.