दर लाखी

तुर्कूच्या डॉक्टरांनी तक्ता पाठवला:
एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री
या परगण्यात जिवंत असलेले
मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण किती,
आणि त्यांचं प्रमाण, दर लाखी.

लाख?
आमची सपाट नदी, दोन्ही तीरांवरची राईची शेतं,
शेतांत उभी करड्या फळ्यांची गवतघरं,
दोन चर्चं, एक दूधडेअरी,
सगळं धरून माणसं पाच हजार.
म्हणजे मला सापडलेला एकेक जण
कागदावर वीस होणार.

कालेर्वो म्हणाला, काही नाही मला,
फक्त सौना बंद केलाय.
फिनलंडात हे म्हणजे
अन्न सोडलं म्हणण्यासारखं.
कॉफी ओतता ओतता बायको बोलली:
नाताळाच्या आदल्या संध्याकाळी चालत गेला आत,
वाफेत पाय गेले मेणासारखे.
वरच्या फळीवरून भावांनी उचलून
बर्फात आणून ठेवला.
गारठ्यात आधी बोटं हलली, मग गुडघे,
मग हा उठला
आणि म्हणाला, काही नाही मला.

सिस्को स्वीडनच्या कारखान्यात गेली
डोळ्यापुढे धुकं येण्याच्या आधी.
ती तिकडच्या मोजणीत.
तिची आई विचारते, मग आमची नाही का ती?
तक्त्यात याला रकाना नाही.

आउने एकोणतीस डिसेंबरला वारली.
बावीस वर्षं खुर्चीत,
पत्त्यांत सगळ्या गावाला हरवत.
दोन दिवस कमी पडले.
पेन्सिलने लिहिलेलं नाव मी खोडलं;
दाब कागदावर राहिला.

लेम्पी मला हिवाळ्यात सापडलीच नाही.
बर्फावर इथे सगळेच घसरखुर्ची रेटत जातात,
दांडा धरायचा, एका पायाने ढकलायचं.
दुकान, टपाल, दफनभूमी,
लेम्पी सगळ्यांच्या पुढे.
एप्रिलात बर्फ उतरला, खाली खडी निघाली.
दुकानातून ती बाहेर आली
आणि भिंत, मग कुंपण,
मग टपालपेट्यांची रांग
धरत धरत निघाली.
मी मोटार थांबवली.
तिने मला पाहिलं, आणि हात सोडून
दोन पावलं टाकून दाखवली.

तक्ता मार्चमध्येच गेला होता. सतरा जण.
दर लाखी तीनशे चाळीस.
डॉक्टरांचं उत्तर आलं:
आकडा फार मोठा वाटतो.
अंश बरोबर असेल, छेद तपासा.
मी छेद तपासला. सोडून गेलेली माणसं वजा केली,
छेद लहान झाला,
आकडा आणखी वाढला.

जूनमध्ये लेम्पीच्या मेंदूचे फोटो आले,
पांढरे ठिपके, काही जुने.
म्हणजे डिसेंबरातही होतं;
नाव तेवढं नव्हतं.
तिला मी सगळा हिशेब सांगितला,
ती एकटी तक्त्यात वीस जणींएवढी भरते तो.
लाखात एक म्हणतात ते असं नव्हे, मी म्हणाले,
आणि लगेच जीभ चावली.

ती बराच वेळ हसली.
मग म्हणाली, उरलेल्या एकोणीस जणींना
पाठवून दे की इकडे.
सरपण रचायचंय.

अंगणात बर्चचे फोडलेले ओंडके पडले होते,
अजून ओले.
मी कोट कुंपणावर टाकला.
ती बाकावर बसून सांगत होती
कुठला ओंडका कुठे.